खडू न लागलेली जागा

आसावर चढवलेलं चाक हवेत गरगर फिरतं आहे, विटांच्या दोन थरांवर मनगट टेकवून अकरा वर्षांची मी पांढऱ्या खडूचं टोक त्या चाकाच्या काळ्या पाठीशी धरून बसले आहे, खडूची भुकटी ऑक्टोबरच्या तिरप्या उन्हात तरंगते आहे… आणि चाकावर उमटत जाणारी रेघ एका ठिकाणी येऊन अलगद नाहीशी होते, वीतभर पुढे गेल्यावर पुन्हा सुरू होते. माझ्या लहानपणाचं चित्र काढ असं कुणी सांगितलं, तर मी हेच काढीन. झोपाळा नाही, बाहुली नाही, अंगणातली जाई तर नाहीच — आम्हांला अंगणच नव्हतं. एक चाक काढीन. काळं, उन्हानं तापलेलं आणि पूर्ण गोल नसलेलं.

आणि आधीच सांगून ठेवते, ही कुणाला कीव यावी म्हणून सांगायची आठवण नव्हे. टायरवाल्याची मुलगी म्हटलं की लोकांच्या तोंडून आपोआप 'अरेरे' निघतं. ते तुमचं तुमच्यापाशीच ठेवा. तुमच्या घरी अत्तराची कुपी असेल, आमच्या घरी रबर सोल्यूशनची डबी होती, आणि तिचं झाकण उघडल्यावर येणारा तो गोडसर, डोक्यात चढणारा गंध मला आजही कुठल्याही फुलापेक्षा जवळचा वाटतो. म्हणा काय म्हणायचं ते!

आंबिवली स्टेशनाकडून टिटवाळ्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला आमचं दुकान होतं. पत्र्याची शेड, ट्यूब बुडवून पंक्चर शोधायला पाण्याची अर्धी कापलेली टाकी, ट्यूबला चोळायच्या शंखजिऱ्याच्या पुडीचा डबा, जुन्या टायरांच्या उतरंडी, आणि भिंतीवर एकच फोटो — कोणाचा, हे आमच्या वस्तीत कुणाला सांगावं लागत नसे. मागच्या चाळीत आमची खोली. ऋतू आम्हांला आभाळावरून कळायच्या आत टायरांवरून कळत. वैशाखात ट्रकची टायरं फुटून यायची, त्यांच्या चिंध्यांना करपल्याचा वास असायचा. श्रावणात चिखलानं माखलेली आणि खिळे रुतलेली यायची. आणि नवरात्र जवळ आलं की वर्षभर कोपऱ्यात पडून राहिलेल्या गाड्यांची मरगळलेली, हवा गेलेली चाकं पूजेसाठी जागी व्हायला यायची.

या सगळ्या गर्दीत दर गुरुवारी सकाळी एक गाडी यायची. डॉक्टरांची गाडी! दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, विलायतेची, काळी आणि चिमुकली, उंच अरुंद चाकांची, सायकलीसारख्या तारांच्या आऱ्यांची. ठाण्याला टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत डॉक्टरांचा दवाखाना होता, आणि गुरुवारी ते खडवलीला जाऊन रोगी तपासत. वाटेत आमच्याकडे थांबून चारी चाकांची हवा बघून घ्यायची, हा त्यांचा नेम. खाली उतरायचे, आमच्याच फळकुटावर बसायचे, आमच्याच कपातून चहा प्यायचे. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे. आमच्या कपातून चहा न पिणारेही पुष्कळ यायचे, आणि त्यांचे चेहरेही मला पाठ आहेत.

मग एका गुरुवारी गाडी आली नाही. पुढच्याही आली नाही. तिसऱ्या गुरुवारी खडवलीचा एक दूधवाला सांगून गेला, डॉक्टर गेले… झोपेतच गेले. आप्पा — म्हणजे माझे वडील — हातातली ट्यूब तशीच पाण्यात धरून बसले. बुडबुडे येत राहिले, आणि पंक्चर कुठे आहे ते त्यांनी कितीतरी वेळ पाहिलंच नाही.

वर्ष उलटलं. नवरात्राच्या दुसऱ्या माळेला एक रिक्षा दुकानासमोर थांबली आणि डॉक्टरीणबाई उतरल्या. फिकट रंगाचं सुती पातळ, हातात बांगड्या नाहीत, आणि नजर अशी की समोरच्यानं आधी उठून उभं राहावं. त्या शाळेत गणित शिकवायच्या, हे मला नंतर कळलं, पण नजरेवरून तेव्हाच कळलेलं.

"साळवे," त्या म्हणाल्या, "गाडी थरथरते. तीस मैलांच्या पुढे काटा गेला की स्टेअरिंग हातातून निसटू पाहतं. गॅरेजवाल्यांनी तीन आठवडे ठेवून घेतली. आधी म्हणाले पुढचा दांडा वाकलाय, मग म्हणाले स्टेअरिंग गेलंय, मग म्हणाले रस्ते खराब आहेत. आता म्हणतात, बाईमाणसाच्या हाताला धरच नाही."

"तुम्ही चालवता, बाई?" आप्पांनी विचारलं.

"ह्यांनी शिकवलं होतं. खडवलीच्याच रस्त्यावर." मग त्या म्हणाल्या, "माझ्या दिरांनी गिऱ्हाईक आणलंय. दसऱ्याला दुपारी येणार आहे. गाडी धड चालत नाही तर ठेवायची कशाला, हा त्यांचा मुद्दा. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणाले मला. माझ्याच घरात, चार लोकांदेखत."

त्यांचा आवाज हलला नाही. पण पदराचं टोक बोटाभोवती इतकं घट्ट आवळलेलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. ती गाडी त्यांना हवी होती. काही झालं तरी हवी होती. आणि हातात उरले होते आठ दिवस.

दुसऱ्या दिवशी आप्पा हत्यारांची पिशवी आणि मला घेऊन ठाण्याला गेले. मला का, तर माझे पाय. हसू नका! आप्पांची ही रीत होती. गाडी तपासायची तर अनवाणी बसायचं, तळवे सपाट टेकवायचे आणि गप्प राहायचं. थरथर हातात आली तर पुढचं चाक, बैठकीत आली तर मागचं. चपलेतून काही कळत नाही, आणि आप्पांच्या स्वतःच्या टाचांना तर इतक्या भेगा होत्या की ते म्हणत, "माझ्या पायाला आता फक्त निखारा कळंल. सुजे, तुझे पाय कोवळे आहेत, तू ऐक." पायांनी ऐकणं… हे शब्द मी नंतर कुणाच्याही तोंडून ऐकले नाहीत.

टेंभी नाक्याला मंडप लागलेला, लाउडस्पीकर, झेंडूचे ढीग, चालायला जागा नाही. गल्लीत मात्र शांत होतं. दवाखान्याशेजारच्या पडवीवजा शेडमध्ये गाडी उभी होती, आणि पायरीवर बाईंचे दीर — शर्टाची इस्त्री मोडू नये अशा बेतानं उभे.

"वहिनी, आता हे पंक्चरवाले निदान करणार काय? एवढ्या मोठ्या गॅरेजला जमलं नाही ते?"

आप्पांनी पिशवीतून हत्यारं काढायला घेतली. मी मात्र दिरांकडे रोखून बघत राहिले, अगदी बेमुर्वतपणे, त्यांनीच नजर काढून घेईपर्यंत. पंक्चरवाला म्हणा हो, खुशाल म्हणा! पंक्चर काढता काढता माणसाला चाकाबद्दल जे कळतं, ते शर्टाला इस्त्री करून कळत नाही.

पण त्या दिवशी हार आमचीच झाली, हे कबूल करायला हवं. आप्पांनी चारी चाकं काढून तोलली, जिथे जड होतं त्याच्या समोरच्या बाजूला शिशाचे तुकडे बांधले, पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं. चाक कुठेही थांबवलं तरी थांबत होतं, म्हणजे तोल बिनचूक. मग बाई चालवायला बसल्या, शेजारी आप्पा, मागे मी, आणि खात्री करून घ्यायला माझ्या शेजारी दीर. खाडीकडच्या सरळ रस्त्याला लागलो. वीस मैल, पंचवीस… तळव्यांखाली धप-धप-धप सुरू झालं, कुणीतरी खालून मुठीनं दार ठोठावावं तसं, आणि तिसाला काटा टेकताच पुढची चाकं अशी काही नाचायला लागली की स्टेअरिंग बाईंच्या मनगटांना हिसडे देऊ लागलं. त्यांनी ते सोडलं नाही. ओठ दाबून, दोन्ही हातांनी गच्च धरून त्यांनी गाडी कडेला आणली.

"झालं समाधान?" दीर म्हणाले, आणि हसले. ते हसू मी अजून विसरलेले नाही, विसरायचा विचारही नाही.

परत आल्यावर आप्पा शेडच्या उंबऱ्यावर बसले. त्यांचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी शेडच्या आत जाऊन उगाच जमीन बघत बसले. जुनी मातीची जमीन, तिच्यावर धुळीचा जाड, मऊ थर, आणि त्या थरात चार खोलगट, स्वच्छ, तळहाताएवढे ठसे. चारच. पुढे-मागे सरकल्याची जुनी खूण कुठेच नाही.

"बाई, गाडी इथंच उभी होती का?" मी विचारलं. "हललीच नाही?"

"वर्षभर," बाई म्हणाल्या. "वर्षश्राद्ध होईपर्यंत हलवायची नाही, असं मीच ठरवलं होतं. त्यांनी शेवटची जिथे उभी केली, तिथेच राहू दे म्हटलं. कुणाला हात लावू दिला नाही. हवासुद्धा भरू दिली नाही… आत त्यांनी भरलेली हवा होती ना."

आप्पा ताडकन उठले. शेडबाहेर उभ्या गाडीच्या एकेका चाकावर तळहात फिरवत गेले, आंधळ्यानं चेहरा चाचपावा तसा. मग उभे राहिले आणि हात पुसत राहिले. जे सांगायचं होतं ते सांगणं सोपं नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं.

"बाई, चूक ना दांड्यात आहे ना तुमच्या हातात. टायर बसलाय. ही जुन्या पद्धतीची टायरं, आत कापडाचे थर. हवा उतरत गेली, गाडीचा भार वर्षभर एकाच जागेवर पडला, तिथं ती चपटी झाली. चारी. मी वजन तोलत बसलो. वजन बरोबर आहे, आकार चुकलाय. माझ्याच डोक्यात यायला पाहिजे होतं."

"म्हणजे मीच केलं हे," बाई म्हणाल्या.

"माया होती म्हणून केलंत. रबराला त्यातलं काय कळणार? त्याला निस्ता भार कळतो."

बाई गाडीच्या पायरीवर बसल्या. वर्षभर न रडलेलं माणूस रडतं तेव्हा आवाज येत नाही, फक्त खांदे हलतात. एका पत्नीनं नवऱ्याच्या स्मृतीला कुणाचा स्पर्श होऊ दिला नाही, आणि त्या जपण्यानंच त्याची गाडी तिच्या हाताला परकी करून टाकली… जीव लावणाऱ्या माणसांनाच अशा चुका करता येतात. मग पदरानं डोळे कोरडे करून त्या उठल्या आणि गणिताच्या बाईंच्या आवाजात म्हणाल्या, "उपाय आहे?"

होता. गाडी विटांवर चढवली, आणि चारी चाकं टेम्पोतून आंबिवलीला आणली. त्या मापाचं नवं टायर बाजारात मिळणं शक्यच नव्हतं. आप्पांनी नेहमीपेक्षा बरीच जास्त हवा भरून चाकं पत्र्यावर टाकली. ऑक्टोबरचं ऊन रबर मऊ करायचं आणि आतली हवा बसलेल्या जागेला बाहेर रेटायची. दर तासाला ती फिरवणं माझं काम. पत्रा चटके द्यायचा. संध्याकाळी एकेक चाक आसावर चढवायचं, फिरवायचं, आणि मी खडू धरायचा. जिथे टायर उंच, तिथे खडू लागायचा. जिथे बसका, तिथे कोरी जागा. मग आप्पा मोठ्या कानशीनं खडू लागलेला भाग जरासा घासायचे, कणभर, त्याहून जास्त नाही. पुन्हा फिरवणं, पुन्हा खडू. पहिल्या दिवशी कोरी जागा वीतभर होती. दुसऱ्या दिवशी चार बोटं. घासलेल्या रबराची काळी भुकटी आप्पांच्या पापण्यांवर बसायची, नाकात जायची, रात्री भातालाही तीच चव यायची.

बाई रोज शाळा सुटल्यावर यायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी आप्पांच्या हातातून कानस घेतली. "आणा इकडे. माझी चूक आहे, थोडी मीही घासते." आमच्या कपातून चहा प्यायल्या, दोनदा. चाळीतल्या बायका कुजबुजल्या, रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. बघा म्हणावं! फुकट आहे.

नवमीच्या संध्याकाळी मी खडू धरला आणि रेघ सुरू झाली ती थांबलीच नाही… स्वतःच्याच शेपटाला येऊन मिळाली. आप्पांनी चाक हातानं थांबवलं, रेघेवरून बोट फिरवलं, आणि माझ्या नाकावर खडूचा ठिपका काढला. शाबासकी द्यायची त्यांची हीच पद्धत.

दसरा. आमच्या वस्तीतही तो दिवस मोठा, पांढऱ्या कपड्यांचा, बुद्धवंदनेचा. आप्पांनी आईला सांगितलं, "संध्याकाळच्या वंदनेला येतो, सकाळी चाकाचं काम आहे," आणि नवा पांढरा सदरा घालूनच मला घेऊन ठाण्याला निघाले. उजाडताच चाकं चढवली. दीर गॅलरीतून म्हणाले, "गिऱ्हाईक बाराला येणार, लक्षात ठेवा." बाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही.

कल्याण सोडलं, आंबिवली सोडली, टिटवाळा मागे पडला. खडवलीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी पिकलेला भात, त्याचा तो दुधाळ, उबदार वास, आणि मी मागच्या बैठकीवर अनवाणी, तळवे टेकवून, श्वास धरून बसलेली. पंचवीस. पायांना काही नाही. अठ्ठावीस. बाईंची मान ताठ झालेली मला मागून दिसली. तीस… एक बारीक शिरशिरी आली, पण ती खडीवरून आलेली होती, निघून गेली. तेहेतीस. पस्तीस.

"सुजे?" आप्पांनी मागे न वळता विचारलं.

"गप्प आहे, आप्पा! एकदम गप्प आहे!"

तेव्हा बाईंनी एक गोष्ट केली. सरळ रस्ता बघून दोन्ही हात स्टेअरिंगवरून उचलले आणि मांडीवर ठेवले. डॉक्टर नेहमी असंच करून बघायचे म्हणे. गाडी रेघेत चालत राहिली, थरथर नाही, ओढ नाही, आणि त्या उघड्या, बांगड्या नसलेल्या मनगटांकडे बघत बाई मोठ्यानं म्हणाल्या, "अंगणच वाकडं होतं, भावजी! खरंच वाकडं होतं!" ऐकायला फक्त आम्ही आणि भाताची शेतं. मग त्यांनी उगाचच, लांबलचक हॉर्न वाजवला.

पावणेबाराला आम्ही गल्लीत शिरलो. गिऱ्हाईक व्हरांड्यात सरबत पीत बसलेलं. बाई उतरल्या, दारच्या तबकातली आपट्याची पानं उचलली, एक त्या गृहस्थाच्या हातावर ठेवलं, एक दिरांच्या.

"दसरा आहे, सोनं घ्या," त्या म्हणाल्या. "गाडी विकायची नाही."

निघताना आप्पांनी प्रत्येक टायरच्या बाजूला खडूनं एक ठळक रेघ ओढली. "बाई, आठवड्याला पाव फेरा. चालवा, नाहीतर ढकला. आज रेघ खाली असंल तर पुढच्या रविवारी मागं, मग वर, मग पुढं. पण एका जागी ठेवू नका." सदरा तोवर पार काळा झालेला. संध्याकाळी वंदनेला ते तसेच उभे राहिले, पांढऱ्या रांगेत एकटे काळपट, आणि आई पुटपुटत राहिली.

पंचवीस वर्षांनी आप्पा गेले. घर नातेवाइकांनी भरलं. जलदानविधी होईपर्यंत दुकान बंद राहणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर केलं. त्याचा खडखडाट सबंध चाळीनं ऐकला. आत्या धावत आली. "अगं, बापाची राख गार झाली नाही अजून! लाज वाटते का काही?" नाही वाटली. मी कॉम्प्रेसर सुरू केला, टाकीत पाणी भरलं, आणि कोणी येईना म्हणून नुसतीच बसून राहिले, कारण लोकांनाही वाटत होतं की आज इथे यायचं नसतं. दुपार झाली. मलाही वाटायला लागलं, चुकलंच आपलं…

आणि हॉर्न वाजला. लांबलचक.

बाई सत्तरीच्या पुढे होत्या तेव्हा. ठाण्याहून एकट्या, स्वतः चालवत आलेल्या. घराकडे गेल्या नाहीत, उतरल्याही नाहीत, काच खाली करून म्हणाल्या, "सुजाता, चारी चाकांची हवा बघ गं जरा." मी मीटर घेऊन बसले. पहिलं बघितलं, दुसरं, तिसरं. चौथ्या चाकाशी आले आणि त्या तापलेल्या रबराला कपाळ टेकून मी जी रडले, ती आप्पा गेल्यापासून पहिल्यांदा. बाईंनी इंजिन बंद केलं. "होऊ दे," त्या म्हणाल्या, "मला घाई नाही. मी थांबते." मागे आत्या पदर तोंडाला लावून उभी होती. नंतर तिनंच चहा आणला.

रस्ता रुंद झाला तसं दुकान मागे सरकलं. माझ्याकडे आता पडद्यावर आकडे दाखवणारं यंत्र आहे, पण खडूची डबी फोटोखालीच ठेवलेली असते. बाईंची दृष्टी जवळजवळ गेली आहे. जुनं घर पाडून बांधलेल्या इमारतीत, खाली खांबांमध्ये, गाडी उभी असते, आणि दर रविवारी मी ठाण्याला जाऊन ती पाव फेरा ढकलते. पेट्रोलच्या एवढ्याशा वासात, शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बाई बसलेल्या असतात. वॉचमन हसतो. हसू दे.

"रेघ कुठे आली गं?" त्या विचारतात.

"वर, बाई."

"मग ठीक आहे," त्या म्हणतात, आणि माझा हात शोधतात.